विहारातलं फूल

मुदखेडच्या शिवारात मोगरा, काकडा, गुलाब, गलांडा पिकतो. माय रोजानं फुलं तोडायला जायची. त्यातली ओंजळभर आमच्या विहारात बुद्धमूर्तीपुढं यायची. फूल वाहून मी हात जोडून काही पुटपुटू लागलो, की आजी म्हणायची, “तिथं मागू नये, बाळा. तो देणारा नाही, वाट सांगणारा आहे.”

पुष्पपूजेची पाली गाथा तोंडपाठ होती. अर्थ बाबांनी सांगितला. हे फूल कोमेजणार, तसा हा देहही. बस, एवढंच. नवस नाही, कोपणारा देव नाही.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवता, अवतार, श्राद्ध, पिंडदान नाकारलेलं आहे. त्यांतच माणसं समान मानण्याची आणि दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे, आणि आमच्या वस्तीत याच दोन पाळणं जास्त अवघड होतं.

वर्षावासात रात्री विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जाई. बाबासाहेब गेल्यावर, 1957 साली मूळ इंग्रजीत आलेला हा ग्रंथ. म्हातारा, आजारी, प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, हे बाबासाहेबांना पटलं नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर हे पाहिलंच नसेल? त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलीय रोहिणीच्या पाण्यावरून लढायला निघतात, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि देश सोडतो. हा भाग आला की आजी सरसावून बसायची. तिचं अर्धं आयुष्य विहिरीवर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेण्यात गेलेलं.

पुढं पुण्यात नोकरीला असताना स्टीफन बॅचलर यांचं 1997 सालचं, श्रद्धेवाचून बुद्धाची वाट सांगणारं पुस्तक वाचलं. पुनर्जन्म गृहीत न धरता सजगपणे जगणं मला मनापासून पटलं. तरी त्यात मला आपल्या मनाशी बसलेला एकटा माणूसच जास्त दिसला. माणूस माणसाला जे दुःख देतो, त्यावर बोट ठेवायला आम्हाला बाबासाहेबच लागले.

माय गेली तेव्हा पिंड नव्हता, कावळ्याची वाट पाहणं नव्हतं. एका नातेवाइकानं विचारलं, “मग आत्म्याला शांती?” मी म्हणालो, आत्मा आम्ही मानत नाही, तिच्यासोबत राबलेल्या बायकांना जेवू घालतो. पुण्यानुमोदनाला त्या आल्या. जेवताना फुलतोडणीच्या रोजाचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत मळेवाल्याकडे गेलो, रोज वाढवून मागायला.