शेंकडा दहा

एकदां पाहिलेला चित्रपट पुष्कळ वर्षांनीं पुन्हां पाहावा कीं पाहूं नये, याविषयीं जाणत्या मंडळींत मतभेद आहे. जुन्या मित्राची गांठ पडावी आणि दोघांसहि बोलावयास कांहीं सुचूं नये, तसा प्रकार अशा वेळीं पुष्कळदां होतो. तथापि 'लूसी' हा चित्रपट आम्हीं गेल्या महिन्यांत पुन्हां पाहिला, तो हौसेखातर नव्हे. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचा उगम त्यांत होता, आणि ती चूक आम्हांस एकदां नीट न्याहाळावयाची होती.

ल्यूक बेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकानें 2014 सालीं हा चित्रपट काढला. कथा थोडक्यांत अशी: ताइपे शहरांत राहणारी एक सामान्य अमेरिकन मुलगी गुंडांच्या हातीं सांपडते. ते तिचें पोट चिरून त्यांत एका नव्या अमली द्रव्याची पुडी शिवून टाकतात. पुढें पोटावर लाथ बसून ती पुडी फुटते, द्रव्य रक्तांत भिनतें आणि लूसीच्या मेंदूची शक्ति चढूं लागते. मनुष्य आपल्या मेंदूचा शेंकडा दहाच भाग वापरतो, असें कथेंतील प्राध्यापक भर सभेंत सांगतात; लूसी मात्र वीस, चाळीस, साठ करीत थेट शंभरापर्यंत पोंचते, आणि ते आंकडे पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकत राहतात. लूसीचें काम स्कार्लेट जोहान्सन हिनें आणि प्राध्यापकांचें मॉर्गन फ्रीमन यांनीं केलें आहे.

प्रथम पाहिला तेव्हां आम्ही औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, कांहीं कामानिमित्त गेलों होतों. परत मेहकरास येतांना गाडींत आम्हांस झोंप आली नाहीं. आम्ही तेव्हां मुलांच्या गणिताच्या शिकवण्या करीत असूं. दुसऱ्याच दिवशीं आम्हीं मुलांस सांगितलें कीं, तुमच्या डोक्यांत नव्वद भाग पडीक आहेत. नांगर धराल तर काय पिकणार नाहीं! मुलें खूष झालीं. हें वाक्य पुढें कित्येक वर्षें आमच्या तोंडीं होतें.

वडिलांसहि आम्हीं तें सांगितलें. ते लोणार तालुक्यांतील एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हें सारें त्यांच्या जिभेवर होतें. कापसाचा काटा स्थिर होण्यापूर्वीं त्यांचा हिशेब तयार असे. त्यांनीं आमचें बोलणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग त्या नव्वद भागांचें भाडें कोण भरतें?" आम्हीं तो विनोद समजून सोडून दिला.

त्यांच्या शिक्षकपणाची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. दरवर्षीं ते मुलांस लोणारच्या सरोवरावर नेत. दैत्यसूदनाच्या देवळांत लवणासुराची कथा सांगत, आणि मग कांठावर उभें करून आकाशांतून पडलेल्या पाषाणाची. हें विवर सुमारें पन्नास हजार वर्षांचें, असें त्यांनीं किती पिढ्यांस शिकविलें असेल! पुढें नव्या कालमापनानें तें सुमारें 5,70,000 वर्षांचें असावें, असें शास्त्रज्ञांनीं मांडलें. तें वाचून निवृत्त झालेले वडील मुद्दाम शाळेंत गेले आणि मुलांस म्हणाले, "मी तुमच्या बापांना चुकीचा आंकडा सांगितला, तो घरीं जाऊन दुरुस्त करा." असा मनुष्य आमच्या घरीं असतां आम्हीं आमचा आंकडा कधीं तपासला नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं आषाढांत वडिलांस पक्षाघात झाला. उजवें अंग गेलें आणि वाचा गेली. इस्पितळांतून घरीं आणल्यावर आम्ही रोज सकाळीं खाटेजवळ बसून त्यांस विचारूं लागलों, "अण्णा, सात औट किती?" ते आमच्या तोंडाकडे पाहात, ओठ हलवीत, शब्द येत नसे. आमच्या डोक्यांत तो चित्रपट होता. थोडासा भाग गेला असेल, उरलेले नव्वद आहेतच. प्रयत्न केला कीं झालें! एके दिवशीं आम्हीं चिडून म्हटलें, "तुम्ही मनावरच घेत नाहीं." त्यांनीं तोंड भिंतीकडे फिरविलें आणि दिवसभर आमच्याकडे पाहिलें नाहीं.

वाचेचे उपचार करणाऱ्या एक बाई त्या सुमारास घरीं येऊं लागल्या. आमची नव्वद भागांची कल्पना ऐकून त्या हंसल्या नाहींत. शांतपणें म्हणाल्या कीं, पडीक असा भाग मेंदूंत नसतोच. मेंदूचें वजन शरीराच्या शेंकडा दोन, पण शरीराच्या एकूण खर्चाचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा खातो; नऊ दशांश रिकाम्या घरावर निसर्ग एवढा खर्च कशाला करील? वडिलांनीं भाड्याची गोष्ट काढली होती, ती आम्हांस त्या क्षणीं आठवली.

पुढें आम्हीं या आंकड्याचें मूळ शोधिलें. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें 1907 सालीं एवढेंच लिहिलें होतें कीं, मनुष्य आपल्या शक्तीचा थोडाच भाग उपयोगांत आणतो. त्यांत आंकडा नव्हता. 1936 सालीं डेल कार्नेगी यांच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या प्रस्तावनेंत लोवेल थॉमस यांनीं तें मत शेंकडा दहाच्या रूपानें जेम्सच्या नांवावर घातलें. आळसाविषयींचा एक उपदेश अशा रीतीनें शरीरशास्त्र होऊन बसला.

बाईंनीं दुसरी गोष्ट दाखविली ती अधिक मोलाची. सुटा प्रश्न विचारला तर उत्तर येत नाहीं, पण लहानपणीं ओळीनें पाठ केलेलें पुष्कळदां शाबूत राहतें. त्यांनीं खाटेवर बोटानें ताल धरून सुरुवात केली, "एक औट साडेतीन, दोन औट सात..." तिसऱ्यापासून वडिलांचा आवाज मिसळला, पांचव्यापासून तो एकटाच ऐकूं आला, आणि "सात औट साडेचोवीस" हे शब्द त्यांनीं स्वच्छ उच्चारले. मग ते रडूं लागले, आणि आम्हांसहि आवरलें नाहीं.

मेंदू म्हणजे सगळें वहितीचें शेत. पुरानें एक पट्टी खरवडून नेली तर पडीक जमीन हाताशीं नसते. शेजारच्या पट्टीसच दुसरें पीक घ्यावयास हळूहळू शिकावें लागतें. त्यास महिने लागतात, वर्षेंहि लागतात.

हें सारें मनांत ठेवून आम्हीं 'लूसी' पुन्हां पाहिला. वडील शेजारीं बसले होते. पूर्वीं ज्यानें झोंप उडविली त्यानें या खेपेस जांभई आणली. आंकडे चढतात तसतशी गोष्ट उतरते. जिला सर्वच साध्य, तिच्यासाठीं प्रेक्षकानें भ्यावें कशाला? गुंडांचा गोळीबार आणि पॅरिसच्या रस्त्यांवरील मोटारींची धांवपळ लवकरच नीरस होते.

पण दोन गोष्टी उरल्या. पोटांतील पुडी काढविण्यासाठीं शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडल्या पडल्या लूसी आईस फोन करते आणि तान्हेपणीं प्यालेल्या दुधाची चव आठवते म्हणून सांगते. त्या प्रसंगीं वडिलांनीं आमचा हात धरला. दुसरी गोष्ट शेवटची. इथिओपियांत 1974 सालीं सुमारें 32 लक्ष वर्षांपूर्वींच्या एका मानवसदृश मादीचे अवशेष सांपडले व तिला लूसी हें नांव मिळालें. चित्रपटांतील लूसी काळ ओलांडून तशाच एका आदिमातेच्या बोटास बोट लावते. या मुलीनें मिळालेल्या ज्ञानाचें काय करावें, तर तें पुढें द्यावें, हें प्राध्यापकांचें उत्तर. शेंकडा दहाचा भ्रम पसरविणाऱ्या या चित्रपटांत एवढें मात्र खरें निघालें.

आम्हीं आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं जे भेटले त्यांस आंकडा दुरुस्त करून सांगितला. एक जण म्हणाला, "सर, त्या वाक्यानेंच मी अभ्यासाला लागलों." यावर काय म्हणावें, हें आम्हांस सुचलें नाहीं.

आमची धाकटी मुलगी हल्लीं संध्याकाळीं आजोबांजवळ औटकी शिकते. परवां ती म्हणाली, "आठ औट सत्तावीस." वडिलांनीं डाव्या हातानें खाट वाजविली. चूक त्यांस कळली होती. अठ्ठावीस हा शब्द कांहीं केल्या येईना. सांगावें म्हणून आमच्या ओठांपर्यंत तो आला, पण आम्हीं तो गिळला. वडिलांनीं खाटेवर बोट आपटलें आणि पहिल्यापासून सुरुवात केली, "एक औट साडेतीन..." मुलगी त्यांच्या मागून म्हणूं लागली.