शेजारची वाडी

दापोलीहून आसूदबागेचा उतार उतरून मुरुडास पोहोचले म्हणजे प्रवाशाचे लक्ष प्रथम वेधून घेते ती गावाची आखणी. सरळ रस्ता, त्याच्या दुतर्फा घरे, आणि घरामागे नारळी-पोफळींची वाडी. पश्चिमेकडच्या वाड्या तर पुळणीलाच जाऊन भिडतात. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच गावात गेले. येथे वाडी म्हणजे केवळ उत्पन्नाचे साधन नव्हे; ते घराचेच एक दालन होय.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या किनाऱ्यास झोडपून काढले. आमच्या शेजारच्या काकूंच्या वाडीतील निम्म्याहून अधिक पोफळी त्या एका दिवशी आडव्या झाल्या. पोफळीची वाडी हे सावलीचे राज्य असते. तेथे भर दुपारीही जमिनीला उन्हाचा कवडसाच काय तो मिळतो. छत्र मोडले, ऊन थेट भुईवर आले, आणि त्या उन्हाबरोबर तण आले. काकूंचे वय ऐंशीच्या पुढे, चिरंजीव परदेशी. चार-पाच पावसाळ्यांत विहिरीची वाट बुजली आणि गडगाही दिसेनासा झाला.

वाडी विकून टाकावी असा चिरंजीवांचा आग्रह होता. काकू एवढेच म्हणाल्या, “अरे, झाडीत काही दिसतच नाही, तर विकायचे काय आणि ठेवायचे काय? आधी वाडी दिसू तरी दे.” तेव्हा कार्तिकात आम्ही घरची चार माणसे आणि गावातील दोन गडी असे कामास लागलो.

रानात शिरण्यापूर्वी काठी आपटीत जावे लागे, कारण गडग्याच्या दगडांत फुरशाचा संभव. खाजकुइलीच्या शेंगा लांब आकडीने ओढून बाजूस केल्या. तिची कूस अंगास लागली तर माणूस दिवसभर खाजवीत बसतो. मुख्य शत्रू मात्र दोन, घाणेरी आणि रानमोडी. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. त्यांपैकी घाणेरी तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणलेली! रानमोडी कोयतीने नुसती छाटली तर बुडखा पुन्हा जोमाने फुटतो. ती मुळासकट उपटावी लागते. जमीन रेवट आणि पावसाची ओल अजून टिकलेली, म्हणून मुळे सहज सुटत होती. तिला फुले येण्यापूर्वीच हे उरकणे अवश्य असते. एकदा बी धरले की त्याचे केसाळ दाणे वाऱ्याबरोबर साऱ्या आळीत पसरतात. लव्हाळ्याचे तसे नाही. त्याच्या गाठी भुईत खोल असतात. कुदळीने उकरून एकेक वेचल्याशिवाय तो हटत नाही.

काकू पडवीत खुर्ची टाकून बसत आणि उपटलेल्या प्रत्येक पेंढीचा निवाडा करीत. “ती ठेव हो, आंबेहळद आहे.” “आघाडा सगळा काढू नको, गणपतीच्या पत्रीला लागतो.” “टाकळा राहू दे कोपऱ्यात, श्रावणात भाजी होईल.” आम्हांस जे एकजात गवत दिसे, त्यात त्यांना अर्धा संसार दिसत होता. न्हाणीच्या सांडपाण्यावरचे अळू, त्यापलीकडचा सोनटक्का, गडग्यालगतचा अनंत अशी एकेक ठिकाणे त्या बसल्या जागेवरून सांगत, आणि तेथले रान दूर केले की ती वस्तू खरोखरच सापडे.

उपटलेली रानमोडी जाळली नाही. फुलांवर आली नव्हती, म्हणून माडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून घातली. रेवट जमिनीला पाचोळ्याइतका दुसरा आधार नाही. पडलेल्या पोफळी वाळवीने खाल्ल्या होत्या. त्यांतली एखादी धड निघती तर पन्हळीला उपयोगी पडती.

सहाव्या दिवशी विहीर मोकळी झाली. वेलींच्या जाळीतून ३१ पोफळी, चार माड आणि एक जायफळाचे झाड जिवंत निघाले. जायफळाला फळ धरलेले होते. काकू काठी टेकीत तेथवर आल्या, एक फळ हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मग गड्याला म्हणाल्या, “उद्या केळीचे मुनवे आण. आधी केळीची सावली होऊ दे, मग पुढच्या मृगात पोफळी लावू.”

पोफळ लावल्यापासून फळ धरावयास पाच-सहा वर्षे सहज लागतात. हे काकूंस कोणी सांगावयास नको होते. वाडी तूर्त विकावयाची नाही, असे त्यांनी त्याच रात्री चिरंजीवांस दूरध्वनीवरून कळविले.

ज्या वाचकांची घरे कोकणात कुलुपबंद आहेत, त्यांनी मे महिन्यात आंबे खाण्यापुरते जाण्याऐवजी एखाद्या वर्षी कार्तिकात जावे. कोयती आणि कुदळ बरोबर असू द्यावी. आणि गावातले एखादे वडील माणूस पडवीत बसवून मगच पहिले झुडूप उपटावे.