आबांचा रेडिओ

आमच्या धुळ्याच्या घरात रेडिओ ही वस्तू नव्हे, तो घरातला माणूस आहे. काचबिंदूने आबांची दृष्टी गेली तेव्हापासून तर त्याला वडीलकीचा मान आला. जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ साली सुरू झाले. त्या सुमारास आबांनी घेतलेला मर्फी अजून चालतो. चालतो कसला, खरखरतो! पूर्वी ९६३ किलोहर्ट्झवर काटा आणला की जळगाव थेट ओसरीवर गप्पा मारायला येई. आता घरोघरी एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. त्या साऱ्यांची कुजबुज मिडियम वेव्हवर उमटते आणि बातमीतले निम्मे शब्द बुडून जातात. आबा तक्रार करीत नाहीत. नुसते सेटला कान लावून बसतात. ते मला पाहवेना.

मागल्या दिवाळीत आत्या इंग्लंडहून आली, तिने एक देखणा डिजिटल रेडिओ आणला. आबांनी त्यावरून हात फिरवला, "हाई काय शे रे भाऊ?" म्हणाले. सेट लावला, तर एकही केंद्र सापडेना! मग उलगडा झाला. तिकडे बीबीसीने १९९५ पासून जी 'डॅब' पद्धत रुजवली, नॉर्वेने जिच्यापायी २०१७ साली राष्ट्रीय एफएम केंद्रे बंद केली, ती आपल्याकडे नाहीच. आकाशवाणीने निवडली ती 'डीआरएम'. त्यासाठी देशात ३५ मिडियम वेव्ह प्रक्षेपक उभारले, पण ते ऐकायला सेट निराळाच लागतो. फ्री डिशवर आकाशवाणी मिळते खरी. पण केंद्र लावायचे टीव्हीच्या पडद्यावर बघून. आबांना ते काय कामाचे? राहता राहिले इंटरनेट.

म्हणजे प्रश्न उरला स्पीकरचा. कॉलेज सुटल्यावर जळगावच्या गोलाणी मार्केटात हिंडलो. दुकानदार मोठा हौशी. त्याने लाल-निळे दिवे उधळणारा एक खोका लावला आणि लग्नाच्या वरातीत शोभेल असे गाणे सोडले. माझी छाती हादरली. मी म्हटले, "यावर जरा मराठी बातम्या लावता का?" त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी पेढ्याच्या दुकानात गोळ्या मागितल्या! पण लावल्या बिचाऱ्याने. निवेदिका रांजणात तोंड घालून बोलल्यासारखी वाटली. बासचा तो घुमारा गाण्याला खुलवतो, बोलण्याला मात्र गिळून टाकतो. शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेली साध्या लाकडी स्पीकरची जोडी आणि बास-ट्रेबलची वेगळी बटणे असलेला छोटा अॅम्प्लिफायर घेतला. बटणे हाताला लागतील अशी ठसठशीत होती, हे मुख्य.

पारोळा, एरंडोल वाटेवरचे सगळे खड्डे स्पीकर मांडीवर घेऊन सोसले. (एसटीत वरच्या फळीवर ठेवायचा धीर झाला नाही.) घरी कोपऱ्यात मांडले, तर आवाज पुन्हा घुमू लागला, भिंतीपासून हातभर पुढे ओढल्यावर मोकळा झाला. जुना मोबाईल जोडून आकाशवाणीचे अॅप सुरू केले. आबा खुर्चीत ताठ बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "ती बाई वाचताना श्वास घेते, ते ऐकू आलं रे!"

मी भरून पावलो. पण ते दोनच दिवस.

भिंतीवरचे घड्याळ आबा रोज बातम्यांआधीच्या ठोक्यांवर लावून घेतात. सांगतात ते, काटा सरकवते आई. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकांचा रेडिओ आणि आमचा एकदमच लागला, तेव्हा आबांच्या कानांनी चोरी पकडली. आमचे ठोके चांगले अर्ध्या मिनिटाने मागे! इंटरनेटवरून येणारा आवाज तुकड्यातुकड्यांनी साठत येतो, म्हणून उशीर होतो, हे मी परोपरीने समजावले.

"म्हणजे तुझा रेडिओ गोड बोलतो, पण शिळं बोलतो," आबा म्हणाले.

तेव्हापासून सकाळी आधी मर्फी खरखरतो. ठोके पडतात, आई काटा सरकवते, मर्फी बंद होतो. मग आबा चाचपडत उठतात आणि अॅम्प्लिफायरचे बटण स्वतः फिरवतात. मधल्या वेळात मागे पडलेल्या रेडिओवर तेच ठोके पुन्हा पडतात. तेव्हा ते हसतात.