कव्हर खोटं बोलतं, असं मी म्हणायचे

दोघा-चौघांत मिळून गेम बनवणारी मुलं आपल्या गेमचं कव्हर मला दाखवायला आणतात. त्यावर माझा पहिला प्रश्न बरीच वर्षं ठरलेला होता : यातलं गेममध्ये प्रत्यक्ष काय दिसतं? गेम पिक्सेल आर्टमधला आणि कव्हरवर मात्र रंगाच्या फटकाऱ्यांनी रंगवलेली नायिका, असं दिसलं की मी तिथेच थांबायचे. घेणारा पैसे देतो ते खेळायला मिळणाऱ्या गोष्टीचे. ती जर चौकोनी ठिपक्यांची असेल, तर दुकानात तिचं हे दुसरंच रूप कशाला? गेममधलीच एखादी चांगली चौकट घ्या, वर नाव नीट बसवा, असं मी सांगायचे. आज मी हे सांगत नाही. का सांगत नाही ते मांडावंसं वाटतं, कारण त्या मताच्या मुळाशी असलेला प्रामाणिकपणाचा आग्रह मला अजूनही प्रिय आहे आणि तो सोडावा लागलेला नाही.

माझं आवडतं उदाहरण अटारीचं असे. 1977 साली अटारी कंपनीचं व्हीसीएस हे गेम खेळायचं यंत्र आलं. त्याच्यासोबतच्या ‘कॉम्बॅट’ या गेमच्या खोक्यावर क्लिफ स्पोन या चित्रकाराने रणगाडे आणि विमानं अशी रंगवली होती की युद्धपटाचं पोस्टर वाटावं. टीव्हीला यंत्र जोडलं की समोर यायचे चार ठोकळे. 1980 च्या ‘ॲडव्हेंचर’मध्ये तर खेळणारा म्हणजे पडद्यावरचा एक साधा चौकोन, आणि खोक्यावर किल्ला नि ड्रॅगन. ही सरळ फसवणूक आहे असं मी म्हणायचे.

मग एका तरुणाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, पंधरा मिनिटं खेळल्यावर तुम्हाला ठिपके दिसतात का हो?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी ‘सेलेस्ट’ पुन्हा खेळायला घेतला. मॅडी थॉर्सन, नोएल बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा 2018 चा गेम. त्याचं सगळं जग 320 बाय 180 पिक्सेलमध्ये काढलेलं आहे आणि त्यात डोंगर चढणारी मॅडलिन म्हणजे मोजके ठिपके. पण खेळताना काय होतं? तिने हवेतली झेप घेतली की तिचे लाल केस निळे होतात, आणि आता पुन्हा जमिनीला पाय लागेपर्यंत दुसरी झेप नाही हे डोक्याआधी बोटांना कळतं. पुढे रोपवेच्या झुलत्या पाळण्यात ती अडकते, भीतीने तिचा श्वास कोंडतो, आणि सोबतचा थिओ तिला एक पीस डोळ्यांपुढे आणायला सांगतो. ते पीस श्वासाच्या लयीत वरखाली तरंगत ठेवायचं काम खेळणाऱ्याचं. त्या प्रसंगात माझा स्वतःचा श्वास संथ होत गेलेला मला जाणवला. मॅडलिन किती ठिपक्यांची होती हे मला नंतर मुद्दाम पडद्याजवळ जाऊन पाहावं लागलं. माझ्या मनात राहिली ती घाबरणारी, हट्टी, दमलेली मुलगी. कव्हरवर तिला माणूस म्हणून रंगवलं आहे, आणि खेळणाऱ्याला ती तशीच भेटते.

एकदा हे दिसल्यावर अटारीची खोकीही वेगळी दिसू लागली. ‘ॲडव्हेंचर’मधला चौकोन खेळणाऱ्यासाठी वीर कसा होत असेल? त्याला किल्ला आणि ड्रॅगन कोणीतरी आधी दाखवले होते म्हणून. खोक्यावरचं चित्र खेळणाऱ्याच्या कल्पनेला पुरवलेलं साहित्य होतं. ज्या यंत्राच्या स्मृतीत एक चेहराही मावत नव्हता, तिथे तो चेहरा कागदावरच द्यावा लागत होता.

खरं तर हे मला आधीच कळायला हरकत नव्हती, कारण माझं पोटापाण्याचं काम पुस्तकांची मुखपृष्ठं करण्याचं. कादंबरीचं मुखपृष्ठ करताना आतल्या पानाचा फोटो वर छापा, असं मला कधी कोणी सांगितलं नाही. मजकूर वाचायचा, त्यातलं काय आपल्यात राहिलं ते शोधायचं आणि ते काढायचं. गेमकडे वळले की हीच मी दुसरी मोजपट्टी का काढत होते? बहुधा गेम मुळातच डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे, म्हणून त्याचं दिसणं म्हणजेच तो, असं मी गृहीत धरलं होतं.

‘इको’ या 2001 च्या गेमने हा प्रश्न माझ्यापुरता मिटवला. गेम सोनीचा, म्हणजे दोघा-चौघांनी मिळून केलेला इंडी गेम नाही, पण दाखला इतका स्वच्छ क्वचितच मिळतो. जपान आणि युरोपातल्या आवृत्तीचं कव्हर दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः रंगवलं. इटालियन चित्रकार ज्योर्जो दे किरिको यांच्या चित्रांच्या वळणाचं : ओसाड, उन्हाने भाजलेली वास्तू, लांबलचक सावल्या आणि त्यात पळणारी दोन इवलीशी मुलं. अमेरिकेत मात्र हातात काठी घेतलेला मुलगा मोठा करून समोर आणला. मुलगा गेममध्ये आहे, काठीही आहे. माझ्या जुन्या कसोटीवर अमेरिकन कव्हर उत्तीर्ण झालं असतं. तरी ज्याने गेम खेळला आहे त्याला विचारा, कोणत्या चित्रात ‘इको’ आहे? त्या अवाढव्य किल्ल्यातलं एकटेपण, कोणाचा तरी हात घट्ट धरून पळणं, हे सगळं उएदांच्या चित्रात आहे.

आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’तही (2020) कॅमेरा बराच दूर असतो. प्रचंड वाड्यांच्या आणि मंदिरांच्या पार्श्वभूमीवर राजी पडद्यावर लहानशीच दिसते. पण गेम आहे राक्षसांनी पळवून नेलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीचा. दुकानात ती जवळून दिसावी, हे योग्यच.

याला एक मर्यादा आहे. लुकस पोप यांच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’मध्ये (2018) जुन्या मॅकिंटॉशच्या पडद्याची आठवण देणारं दोनच छटांचं चित्रण आहे, आणि तिथे ते दिसणं हाच अनुभवाचा गाभा आहे. ओब्रा दिन या जहाजावरचा एकेक मृत्यू त्या ठिपक्यांतूनच उलगडावा लागतो. त्या गेमला गुळगुळीत रंगीत कव्हर दिलं असतं, तर मी आजही भांडले असते.

मग प्रामाणिकपणाचं काय? गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात तो दुसऱ्या जागी सांभाळला जातो. कव्हरला तिथे कॅप्सूल म्हणतात, आणि लहान कॅप्सूल काही याद्यांमध्ये 120 बाय 45 पिक्सेलपर्यंत आक्रसतं. 2024 या एका वर्षात तिथे 18,000 हून अधिक गेम आले. त्या गर्दीत एवढ्याशा पट्टीत गेममधली चौकट टाकली तर चिखल दिसतो. 1 सप्टेंबर 2022 पासून कॅप्सूलवर पुरस्कार, परीक्षणातली वाक्यं, सवलतीची जाहिरात यांना मनाई आहे : फक्त चित्र आणि गेमचं नाव. हा नियम मला मनापासून आवडला. गेम दिसतो कसा, हे सांगायला खाली स्क्रीनशॉट असतात, आणि ते प्रत्यक्ष खेळातलेच असावेत असा नियम आहे.

कव्हर खोटं बोलू शकतंच, पण वेगळ्या बाबतीत. गेम पत्त्यांच्या डावाचा आणि कव्हरवर तलवार उपसून धावणारा योद्धा, असं असेल तर घेणारा चुकीच्या ओढीने आत येतो आणि दोन तासांच्या आत पैसे परत मागतो. त्याचं बरोबरच आहे. आपण काय करणार आहोत, विचार करणार की पळणार, घाबरणार की निवांत शेती करणार, हे त्या चित्राने खरं सांगायलाच हवं. इथे मी पूर्वीइतकीच कडक आहे.

नव्या मताची खरी परीक्षा एआयने काढलेल्या कव्हरांनी घेतली. जानेवारी 2024 पासून स्टीमवर एआयचा वापर उघड करावा लागतो. कव्हर गेमसारखं दिसायची गरज नाही म्हणता, मग चित्र कुठूनही आलं तर काय बिघडलं, असं मला विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की, दिसण्याचं बंधन सुटलं की मागे एकच बंधन उरतं : कोणीतरी तो गेम खेळलेला असला पाहिजे आणि त्यातलं काय आपल्यासोबत आलं ते ठरवलेलं असलं पाहिजे. म्हणून आता माझा पहिला प्रश्न असतो, चित्रकाराने गेम शेवटपर्यंत खेळला का?

चित्रकाराला द्यायला पैसेच नाहीत, असं एकट्याने गेम करणारी मुलं सांगतात, आणि ते खरं असतं. त्यांना मी टोबी फॉक्स यांच्या 2015 च्या ‘अंडरटेल’चं कव्हर दाखवते. काळी पार्श्वभूमी, पांढरी पिक्सेल अक्षरं आणि एक लाल बदाम. लढाईच्या वेळी खेळणारा गोळ्या चुकवत हलवतो तो हाच बदाम. मग मी त्यांना विचारते, तुमच्या गेममध्ये खेळणाऱ्याच्या हातात काय असतं? तेवढंच काढा.