हौशा

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ते 'गीता प्रवचने' आमच्या आजोबांच्या, म्हणजे आप्पांच्या, उशाशी कायम असे. फळाची आशा न धरता काम कसं करावं, याचा दाखला मात्र ते गोठ्यातला देत. "हौशाकडे पाहा!"

मला हे कधी पटलं नाही. हौशा खिल्लारी, पांढराशुभ्र, नि फळाची आशा त्याच्याइतकी साऱ्या गावात कुणी धरली नसेल. सरकीची ढेप कमी पडली की शिंगानं घमेलं उलटं करी. पोळ्याला जोडीदाराच्या तोंडची पुरणपोळीही ओढून घेई. कर्मयोगी कसला! काम मात्र चोख. कपाशीत कोळपं ओढताना रोप तुडवायचा नाही, तास संपलं की न सांगता वळायचा.

पुढे ट्रॅक्टर आला, जोडीदार गेला, हौशाचे मागचे सांधे धरले. एक व्यापारी ओट्यावर येऊन म्हणाला, "आप्पा, आते याले कसाले ठेवतस?"

"तो आठेच जन्मना शे," आप्पा म्हणाले. विषय संपला.

2015 साली गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि म्हाताऱ्या बैलांना गिऱ्हाईकच उरलं नाही. पाऊसही नव्हता. कडबा विकत घेऊन बिनकामाचं जनावर पोसणं सगळ्यांना कुठून झेपणार? ज्यांनी दावं सोडून दिलं, त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

हौशा निंबाखाली बांधलेला असे. सावली सरकली की तोही सरके, रवंथ करी, शेपटीनं गोमाश्या वारी. शेती मुलांच्या हाती दिल्यापासून 'आता आपण कशाला उरलो' हे आप्पांचं रोजचं पालुपद. हौशाला असलं काही सुचलेलं दिसलं नाही. काम गेलं, भूक तेवढीच.

तो गेला त्याच्या आदल्या पोळ्याची गोष्ट. खांदेमळणीला आप्पा हळद-तूप घेऊन बसले. मी म्हटलं, "आप्पा, मानेवर जू नाही, मग खांदे कशाला मळता?"

"त्याला बरं वाटतं म्हणून," ते खेकसले.

तेवढ्यात हौशानं तुपाच्या वाटीत तोंड घातलं होतं.