धावून येणारी

देवीला नावं मिळतात ती गावावरून, रूपावरून, नाहीतर तिने मारलेल्या दैत्यावरून. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याच्या देवीचं नाव पडलं ते तिच्या पावलांवरून. त्वरिता. हाक ऐकली की विलंब न लावता निघणारी. बीड जिल्ह्याच्या या उत्तर भागात, गोदेच्या काठच्या कापसाच्या मुलखात, असं नाव असलेली आई असावी याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण इथल्या माणसाच्या वाट्याला आयुष्यभर वाट पाहणंच येतं. मृगाची वाट, पंचनाम्याची वाट, साखर कारखान्यावर गेलेल्या लेका-सुनेची वाट. आणि त्याने ज्या देवीपुढे डोकं टेकायचं, तिचं नाव त्वरिता.

या नावामागची कथा सगळ्या बालाघाटाला ठाऊक आहे. तुळजापूरच्या भवानीची म्हणून ती आपण ऐकलेली असते. कृतयुगात कर्दम ऋषी निवर्तले. पत्नी अनुभूती सती जायला निघाली, पण पदरी तान्हं मूल होतं, म्हणून थांबली. मूल मोठं झालं, गुरुगृही गेलं, आणि ती मंदाकिनीच्या काठी तपाला बसली. तिथे कुकुर नावाच्या दैत्याची वाईट नजर तिच्यावर पडली. त्याने अंगाला हात लावला तशी तिची समाधी मोडली. त्या क्षणी तिने आदिशक्तीचा धावा केला आणि देवी त्वरित आली. दैत्याने रेड्याचं रूप घेतलं, देवीने त्रिशूळ चालवला. मग अनुभूतीनेच विनवलं, आई, आता इथेच राहा. त्वरितेची तुरजा झाली आणि तुरजेची तुळजा, असं जाणते सांगतात. तलवाड्याने मात्र ते मूळचं नाव जसंच्या तसं जपलं आहे.

ही कथा मला मोठी वाटते ती त्यातल्या बाईमुळे. अनुभूती राणी नाही, अप्सरा नाही. नवरा गेलेली, लेकरासाठी मागे राहिलेली, एकटी बाई. तिच्या अंगावर हात पडतो तेव्हा आसपास कुणी नसतं. तिने हाक मारली, आणि त्या हाकेला कुणी ‘तू तिथे एकटी का गेलीस’ असं विचारलं नाही. देवी आधी आली. देवीच्या कथांत युद्धं पुष्कळ आहेत, पण एका बाईच्या एका हाकेवर उभ्या राहिलेल्या या कथेहून जवळची दुसरी मला वाटत नाही.

पोथ्यांतली त्वरिता आणखी वेगळी दिसते. अग्निपुराणात तिच्या पूजेला आणि मंत्रांना लागोपाठ काही अध्याय दिले आहेत. तांत्रिकांनी तिला किराती म्हटलं, रानातली स्त्री. पालवीचं वस्त्र, गळ्यात गुंजांची माळ, मनगटात मोरपिसांची कंकणं, नागांचे दागिने, माथ्यावर मोरपिसांचं छत्र. श्रीविद्येत ललितेच्या पंधरा नित्या सांगितल्या आहेत, एकेका तिथीला एक. त्यांत आठवी त्वरिता, शुद्ध अष्टमीची. म्हणजे नवरात्रात ज्या तिथीला देवीच्या होमाची गडबड असते, ती तिथी हिचीच. ओटीचा खण हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या बाईला यातलं काही माहीत नसेल. तिचं काही अडत नाही. पण सोन्या-माणकांऐवजी पानं आणि गुंजा ल्यालेली देवी, दिवसभर पाटीभर कापूस वेचून आलेल्या बाईच्या शेजारी शोभून दिसते, हे खरं.

देवी त्वरेची आणि तिचा उत्सव मात्र अगदी सावकाश चालणारा. आमच्याकडे नवरात्र ‘बसतं’, घट ‘बसतात’. शेतातली माती चाळून आणायची, पत्रावळीवर पसरायची, त्यात गहू, ज्वारी, हरभरा असं धान पेरायचं, मध्ये पाण्याने भरलेला घट ठेवायचा. पहिल्या दिवशी विड्याच्या पानांची माळ. पुढे रोज फुलांची: तरवडाची, कारळ्याची, झेंडूची. तरवड बांधावर आपोआप उगवतो, त्याला कुणी पाणी घालत नाही, आणि नेमक्या या दिवसांत तो पिवळाजर्द होतो. अखंड दिवा नऊ दिवस जपायचा. कुणी पायात वहाण घालत नाही, कुणी गादीवर झोपत नाही. पुढे फुलोरा येतो, तळलेल्या कडाकण्या घटावर टांगल्या जातात.

घरातली जुनी माणसं मात्र घटाकडे वेगळ्याच नजरेने पाहतात. धान किती दाट उगवलं, कोणत्या धान्याने जोर धरला, पिवळं पडलं की हिरवं राहिलं, यावरून रब्बीचा अंदाज बांधतात. त्या दिवसांत ज्वारीची पेरणी तोंडावर आलेली असते, तेव्हा घरातलं बी उगवतं की नाही हे देवीपुढेच कळतं. भक्ती आणि शेती एकाच पत्रावळीत. मला ही सगळ्यात शहाणी पूजा वाटते. दसऱ्याला ते धान उपटून माणसं टोपीत खोवतात, पागोट्यात खोवतात.

आराधी घरोघर जोगवा मागतात, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. पाच घरचं पीठ-मीठ मागायचं, देवीच्या नावाने. ज्याच्या घरी धान्याची कोठी भरलेली, तोही मागतो. मोठेपण उंबऱ्याबाहेर ठेवून शेजाऱ्यापुढे ओंजळ धरणं, हे त्या व्रताचं मर्म. गोंधळ असेल त्या रात्री संबळ घुमू लागतं, तुणतुण्याची तार लागते, पोत पेटतो, आणि गोंधळी एकेका गावच्या देवीला नाव घेऊन गोंधळाला बोलावतो. तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची, आंबाजोगाईची. साऱ्या बहिणी-बहिणीच.

बीडच्या नवरात्राला आणखी एक कड आहे. खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, तेव्हा इथे देव्हाऱ्यापुढे नांगराच्या फाळाशेजारी ऊस तोडायचा कोयता असतो. त्याला हळद-कुंकू वाहतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. दसरा झाला की आज ना उद्या गाड्या लागतात आणि लेकराबाळांसह बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एका पात्यात दोन माणसं मोजली जातात. पहाटेच्या अंधारात फडात उतरलेल्या, पाचटात साप-विंचवाला भिणाऱ्या, कोपीत लेकरू एकटं टाकून मोळ्या वाहणाऱ्या बाईला धावून येणारं कुणी हवंच असतं. दवाखाना दूर, माहेर त्याहून दूर. अनुभूतीची गोष्ट तिला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

जाण्याआधी ती नवस बोलते. सगळे धडधाकट परत येऊ देत, तुझी ओटी भरीन. कारखान्याचा पट्टा पडतो, हंगाम संपतो, तो उन्हाळ्याच्या तोंडाशी, उचल फिटली तर फिटली, नाहीतर पुढच्या सालावर बाकी राहते. तिच्या नवसाला मात्र ती बाकी ठेवत नाही. गाडी गावात आली, सामान उतरलं, की खण-नारळ घेऊन ती आधी देवीकडे जाते. घराचं कुलूप मग उघडते.