चार सुतांचा पाना

हेराल्डचं बॉनेट पुढच्या बाजूला कलंडतं. नुसतं झाकण नाही, दोन्ही मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचं सगळं तोंडच पुढे झुकतं आणि चाकं उघडी पडतात. मग त्या टायरवरच बैठक मारायची आणि इंजिनाचं काम करायचं. मेहरूण तलावाच्या अंगाला माझं पत्र्याचं शेड आहे. थंडीच्या दिवसांत खिशात बोरं घेऊन डाव्या टायरवर बसावं, टॅपेटमध्ये दहा हजारांश इंचाची फिलर पट्टी सरकवावी, आणि ती जाताना बोटांना जी हलकी ओढ लागते तिच्यावरून गाळा ओळखावा. या सकाळींवर माझा फार जीव आहे.

हेराल्डला स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात. पण आमच्या वाट्याला तीच आली. परदेशी गाड्यांची वाट बंद होती. रस्त्यावर अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढंच. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडात 1959 मध्ये आली, मद्रासला ती 1961 पासून बनू लागली. तूरिनच्या जिओव्हानी मिकेलोत्तीने ती रेखली. त्यानेच रेखलेली दोन माणसांची स्पिटफायर 1962 मध्ये आली, ती हेराल्डचीच चासी आखूड करून. म्हणजे माझ्या शेडमधली दोन दारांची गाडी त्या स्पिटफायरची सख्खी थोरली बहीण. पुढचं सस्पेन्शन तेच, मागचा आडवा कमानपाटाही त्याच घरातला. आणि वळते अशी की साधारण पंचवीस फुटांच्या वर्तुळात फिरून येते. आमच्या गल्लीत रिक्षावाले थांबून बघतात.

तिची चासी वेगळी का, याची गोष्ट मला फार आवडते. तोवर गाडीचं अंग आणि सांगाडा एकजीव करण्याची पद्धत रूढ होत होती. पण इंग्लंडात असं अंग बनवून देणारी फिशर अँड लडलो ही कंपनी 1953 मध्ये प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली, आणि ट्रायम्फवाल्यांना जुन्या धर्तीची वेगळी चासी करून तिच्यावर अंगाचे तुकडे बोल्टने आवळावे लागले. त्यांची ती अडचण साठ वर्षांनी माझ्या कामी आली. माझी गाडी चार माणसांनी उचलून सुटी करता येते. मागचा भाग, छत, दारं, सगळं वेगवेगळं भिंतीला टेकवून ठेवता येतं.

फक्त पाने जुने लागतात. तिचे नट इंची. तेराचा पाना अर्ध्या इंची नटावर बसतो, पण बसल्यासारखा; जोर दिला की नटाचे कान झिजतात. तिथे चार सुतांचाच पाना हवा, लहान नटांना साडेतीन सुतांचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आता लेथवर काम करणाऱ्या पोरांनाही सांगावं लागतं. माझ्या गाडीचे कितीतरी कान असे झिजलेले होते. त्या नटांवरून कळत होतं, कोण घाईत होता.

समुद्राकाठच्या हेराल्डच्या चासीला गंज खातो. खान्देशात पंचेचाळीसच्या पुढचं ऊन सोसावं लागतं, पण पत्रा शाबूत राहतो. मरतं ते रबर. दारांच्या पट्ट्या, बुशिंग, इंजिनाच्या गाद्या, सगळं हातात घेतलं की चुरा. पत्रा टणक आणि रबराची राख, अशी ती मला मिळाली.

आणि पुढच्या चाकांत ग्रीस. हेराल्डच्या चाकामागे खाली ब्राँझचा एक ठोकळा असतो, ट्रनियन. चाक वळलं की उभा पोलादी दांडा त्याच्या आट्यांत फिरतो. तिथे नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं. ग्रीस भरलं तर ते आट्यांच्या खोबणीत नीट पोचत नाही, पाणी आत राहतं, दांडा आतून खाल्ला जातो आणि एके दिवशी चाक मोडून आडवं पडतं. पारोळ्याकडचे तात्या, उमेदीत धुळ्याला गॅरेजात होते, त्यांनी पहिल्याच दिवशी ठोकळ्यावर बोट ठेवलं : "भाऊ, याले ग्रीस नको, तेल लागस." उघडून पाहिलं. डाव्या दांड्याचे आटे निम्मे गेले होते. मी ती गाडी आदल्याच आठवड्यात हायवेला नेली होती. रात्री झोप लागली नाही.

पण ज्या हातांनी ग्रीस भरलं, त्याच काळातल्या दुसऱ्या कुणाच्या हातांनी एक गोष्ट केली होती. हेराल्डचा गिअरबॉक्स आत, दोन सीटांच्या मधून निघतो. वरचं झाकण मुळात पुठ्ठ्याचं. माझ्या गाडीत ते तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं निघालं. कडा दुमडलेल्या, एकही धार हाताला लागत नाही. कोपऱ्यांत पत्रा न कापता चुण्या घालून वळवलेला. रिबिटं समान अंतरावर. आतल्या बाजूला डब्यावरची छपाई अजून पुसट दिसते. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक याचे गुण कापतील. नवं झाकण मागवणं अवघड नव्हतं, माझ्या शहरी मित्रांनी तसा आग्रहही केला. मी ते काढलं, धुतलं, आतून फेल्ट चिकटवलं आणि परत बसवलं. मूळपणा मला प्रिय आहे. रंगासाठी मी जुन्या थराखालचा थर खरवडून शोधला आहे. पण ज्याने हे झाकण वळवलं त्याला काम येत होतं, आणि ते पुसायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

पहिला लांबचा फेरा अजिंठ्याचा. नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर, मग घाट. हेराल्ड वळणावर सांभाळावी लागते : ब्रेक वळणाआधी, आत शिरल्यावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवर स्थिर. मधेच पाय काढला तर मागची चाकं पोटाखाली ओढली जातात आणि ढुंगण फिरतं. नीट नेली तर मात्र स्टिअरिंगमधून रस्त्याची खडी न् खडी हाताला कळते. तात्या शेजारी बसून पूर्ण घाटभर काही बोलले नाहीत, एक कान फक्त खाली चासीकडे.

वर पोचल्यावर इंजिन बंद केलं. माझ्या डाव्या पायाला लागून असलेला तो डब्याचा पत्रा निवत टिकटिक वाजत होता. तात्यांनी त्यावर पंजा ठेवला आणि तो गार होईपर्यंत काढला नाही.